जागेच्या धन्याला विचारून

वाशीला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या महिला मंडळातल्या निम्म्या बायकांना वाटलं, मी उस्मानाबादकडच्या वाशीला गेले होते. अगं बायांनो, ती नव्हे! मुंबईच्या खाडीच्या अलीकडे सरकार एक आख्खं नवं शहर वसवतंय, त्यातली ही वाशी. तिथे माझा थोरला भाऊ राहतो. जगाला तो निवृत्त लेफ्टनंट जनरल, मला दादा. आमच्या गावातून पलटणीत गेलेली माणसं घरटी सापडतील, पण जनरल झालेला एकटा दादाच. म्हणून मंडळाने फर्मान काढलं, की कुसुमताई, तुम्ही पंधरा दिवस राहून आलात, आता सगळं लिहून काढा. तर घ्या!

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे तुमचा विरस नको. जनरल म्हणजे बंगला, दारात बंदूकवाला, हिरवळीवर छत्री, हे सगळं सरकारचं असतं. पेन्शन सुरू झाली की ते सरकारकडे परत जातं. दादाचं स्वतःचं म्हणून जे आहे ते वाशीतल्या चार मजली बिल्डिंगच्या तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर. तीन वर्षांपूर्वी तो आणि वहिनी तिथे राहायला आले. मुलगी-जावई खाडीपलीकडे मुंबईत आहेत, म्हणून ही जागा.

वाशीचा फाटा

एस.टी.ने मला हमरस्त्यावर उतरवलं आणि धूळ उडवत ती पुलाकडे निघून गेली. माझ्या एका हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात गुळाची ढेप आणि शेंगदाण्याच्या चटणीचा डबा. दादा फाट्यावर येणार होता, पण मी म्हटलं होतं, काही नको, मी काय लहान आहे? ही ऐट चांगलीच भोवली.

आपल्याकडे घराची खूण सांगतात ती मारुतीच्या मागे, चिंचेच्या पुढे अशी. इथे मारुती नाही, चिंच नाही. एकाच साच्यातून काढलेल्या पिवळ्या बिल्डिंगी, त्यांना नावंही नाहीत, नुसते आकडे. मी एकाच बिल्डिंगला दोनदा प्रदक्षिणा घातली आणि शेवटी एका परक्या बाईच्या दारात उभी राहून "वहिनी!" म्हणून हाक मारली. बाई दचकून आत पळाली.

रस्त्याकडेला बसून घाम पुसत होते, तर समोर एक म्हातारी येऊन उभी राहिली. गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं, नाकात मोठी नथ, डोक्यावर मासळीची रिकामी टोपली.

"कोनाचे घरी जायाचा हाय गो बाय?"

"जनरलसाहेबांकडे."

"त्या मिलटरीवाल्यांचे? चल, माजे मागशी ये." माझ्या हातातली ढेप तिने विचारल्याशिवाय उचलून टोपलीत टाकली सुद्धा.

बामाबाई तिचं नाव. इथल्या मूळच्या गावातली, खाडीकाठची. मला वाटलं ती रस्त्याने नेईल. छे! ती दोन बिल्डिंगींच्या मधून शिरली, एका मोकळ्या प्लॉटातून तिरकी गेली, कुणाच्या तरी सायकल स्टँडमधून बाहेर पडली. आणि चालता चालता सांगत होती, "यो आमचा बांध व्हता. पल्याडचा माजे दिराचा. हितं भात लावायचो, हितं पोरं खेकडं धरायची." मला दिसत होती ती शिडी लावून रंग मारणारी माणसं आणि वाळत घातलेल्या चादरी. तिला बांध दिसत होता आणि त्या बांधावरून ती मला बिनचूक दादाच्या फाटकाशी घेऊन आली.

मी म्हटलं, "आता चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." तर ती फाटकाबाहेरच थांबली.

"आत नाय येनार. आमाना बंदी हाय."

आणि तिथेच, फाटकाच्या दांडीला धरून तिने मला सगळं सांगितलं. ही बिल्डिंग उभी आहे ते तिचं भाताचं शेत. मागच्या कोपऱ्यात बांधावर शेंदूर लावलेला एक दगड आहे, तो शेताचा राखणदार. दर वर्षी पीक निघालं की त्याला नारळ आणि कोंबडा द्यायचा, त्याला ही मंडळी राखण म्हणतात. घरात लग्न निघालं, तरी मांडवाची मेढ रोवायच्या आधी राखण द्यावी लागते. शेत गेलं तरी तिने हे सोडलं नव्हतं, बिल्डिंग जागी व्हायच्या आत पहाटे येऊन गुपचूप राखण देऊन जायची. पण मागच्या वर्षी सोसायटीने कुंपणाची भिंत घातली आणि वॉचमनने तिला परत पाठवलं. आता तर तिथे पाण्याच्या पंपाची खोली बांधायची आहे, दगड उपटून टाकणार आहेत. आणि तिचा मुलगा जोमा, त्याचं लग्न येत्या रविवारी.

"शेत गेला, पन राखनदार कुठं जाईल? त्यो हितंच हाय. माजी दोन पोरं गेली बाय. यो येकच ऱ्हायला. राखन दिल्याबिगर मी त्याला बाशिंग बांधनार नाय." एवढं बोलून तिने ढेप माझ्या हातात ठेवली आणि गेली.

दादाचं घर

दारात वहिनी उभ्या होत्या. मिठी मारली, रडून झालं, मग मी घर बघितलं. शेजारच्या घरांत शोकेसमध्ये बाहुल्या, भिंतीवर चित्रं, आणि आमच्या जनरलच्या भिंती कोऱ्या! वीरचक्र मिळालेला माणूस, राष्ट्रपतींच्या हातून पदक घेतानाचा फोटो आहे, बाबांचा हवालदाराच्या वेशातला फोटो आहे. एक म्हणून लावलेला नाही. बाहेरच्या खोलीत खिडकीखाली ती हिरवी लोखंडी ट्रंक, कुलूप घातलेली. मी पिठाची पिशवी तिच्यावर ठेवली.

ती ट्रंक मी ओळखते. दादाच्या दर बदलीत ती सगळ्यात आधी उतरायची आणि सगळ्यात शेवटी उघडायची. तिच्यात पदकं, फोटो, पितळी समया, पडदे, म्हणजे घराला घरपण आणणारं जे जे ते. नव्या ठिकाणी गेलं की वहिनी आधी चौकशी करायच्या, इथला धनी कोण? कुठे ग्रामदेवता असे, कुठे पीर, कुठे डोंगरातला नुसता एक धोंडा. त्याला नारळ आणि आपल्याकडचा गूळ ठेवून यायच्या, मग ट्रंकेचं कुलूप निघायचं.

"वहिनी, ही अजून बंदच?"

"कुणाला विचारायचं तेच कळलं नाही, वन्सं. हे म्हणाले, इथे कुणी नव्हतंच, नुसती खार जमीन. मी म्हटलं, कुणीतरी असेलच की. कळेल तेव्हा उघडू."

तीन वर्षं! मी कपाळावर हात मारून घेतला. तेवढ्यात दादा फिरून आला, पांढऱ्या मिशा अजून टोकदार, डाव्या पायाने किंचित ओढत चालणारा. "कुसे, चुकलीस ना रस्ता?" म्हणून मनसोक्त हसला. मी त्याला हसू दिलं आणि मग बामाबाईचं सगळं सांगितलं.

त्याचं हसू गेलं. "सोसायटीचे सेक्रेटरी सामंत म्हणाले होते, कोपऱ्यात एक दगड आहे, काढावा लागेल. मी चेअरमन, मी सही केली."

"कसला दगड, ते विचारलं नाहीस?"

"नाही," म्हणाला आणि चहाचा कप तसाच खाली ठेवला.

कांदा-बटाटा बाजार

दुसऱ्या दिवशी सकाळी दादा मला बाजार दाखवायला घेऊन गेला. मुंबईतला कांदा-बटाट्याचा घाऊक बाजार नुकता इथे हलवलाय. अहो, काय ते ट्रक! आपल्याकडच्या आठवडी बाजारासारखे पन्नास बाजार एका छपराखाली मावतील. आणि गोणी पाठीवर घेऊन पळणारे माथाडी बघितले तर सगळे आपल्याकडचेच! पाटणचे, जावळीचे, कोरेगावचे. "राम राम साहेब!" असं जो तो दादाला म्हणत होता. मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं.

त्यातला एक सखाराम. सैन्यातून निवृत्त होऊन इथे गोणी वाहतो. तरुणपणी दादाच्या कंपनीत होता. दादा कांदे निवडत होता तेवढ्यात त्याने मला बाजूला घेतलं. "ताई, साहेब स्वतःचं कधी सांगायचे नाहीत, मी सांगतो."

मग त्याने सांगितलेली गोष्ट अशी. दादा तेव्हा तरुण कॅप्टन. उत्तरेकडच्या डोंगरात कंपनी घेऊन चाललेला. चालून चालून सगळ्यांचे पाय सुजलेले, समोर ओढ्याकाठी मस्त सपाट जागा. तंबू ठोकायला घेणार, तर एक मेंढपाळ म्हातारा येऊन हातवारे करायला लागला. दुसऱ्या एखाद्याने हाकलला असता. दादाने दुभाष्या बोलावला. म्हातारा म्हणत होता, ही जागा कुणाची आहे, विचारलंत का? दादा म्हणाला, कुणाला विचारू ते दाखव. म्हाताऱ्याने वरच्या अंगाला एक दगडांची रास दाखवली. दादाने आपल्या पिशवीतला गूळ काढून तिथे ठेवला आणि टोपी काढून उभा राहिला.

"आम्ही हसत होतो, ताई. म्हटलं, साहेब इंग्रजी शिकलेला, हे काय चाललंय? पण म्हातारा असा खूष झाला, की शेजारी बसला आणि म्हणाला, आता सांगतो, बर्फ वितळायला लागलं की ह्या ओढ्यावर दरड येते, तुम्ही वर त्या खडकाआड जा. आम्ही वर गेलो. दोन दिवसांनी भर दुपारी डोंगर खाली आला ना! त्या सपाट जागेवर घराएवढे धोंडे. आमची अख्खी कंपनी गेली असती. तेव्हापासून साहेबांचा नियम, जिथे तळ टाकायचा तिथल्या धन्याला आधी विचारायचं. पुढे ब्रिगेडियर झाले, जनरल झाले, नियम तोच."

दादाचं वीरचक्र आम्हाला पाठ आहे, पासष्टच्या लढाईत पायात गोळी घेऊन दिवसभर टेकडी सोडली नाही, ते. वर्तमानपत्रात आलं होतं, गावात हत्तीवरून मिरवणूक काढायची का यावर भांडणं झाली होती. बाबांनी पेन्शनीतून ज्याला शिकवलं, अनवाणी शाळेत गेलेला जो मुलगा हजारो माणसांचा सेनापती झाला, त्याचा अभिमान कुणाला नाही? पण मेंढपाळाच्या दगडांपुढे टोपी काढणारा कॅप्टन मला त्या बाजारात, कांद्याच्या ढिगाशेजारी पहिल्यांदा दिसला.

दादा मागे येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

"चल, कुसे."

"घरी?"

"नाही. त्या बाईंचं गाव कुठे आहे, विचारू या."

खाडीकडची बाजू

गाव बिल्डिंगींच्या मागेच निघालं, खाडीला लागून. कौलारू घरं, दारात जाळी वाळत घातलेली, आणि पलीकडे मिठागरं उन्हात नुसती झळाळत होती. बामाबाईच्या ओटीवर बायका लग्नाचे तांदूळ निवडत बसल्या होत्या. जोमा मांडवाचे बांबू सोलत होता, देखणा पोर! दादा अंगणाच्या कडेला थांबला, टोपी काढून हातात घेतली.

"बामाबाई, मी विचारायला आलोय. तीन वर्षांपूर्वी यायला हवं होतं. चुकलं माझं."

बामाबाईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आदी बस. जेवल्याबिगर तुजेशी बोलनार नाय."

काय जेवण होतं! तांदळाची भाकरी, पांढरीशुभ्र आणि इतकी पातळ, की आपली ज्वारीची भाकरी तिच्यापुढे पहिलवान दिसावी. आणि जिताड्याचं कालवण. जिताडा हा इथला मानाचा मासा, घरी पाहुणा आला की तोच. मी सातारची, मला काटे काय कळणार? एक घशात अडकला. बामाबाईने कोरड्या भाताचा गोळा माझ्या तोंडात कोंबला आणि पाठीत असा धपाटा घातला, की काटा गेला आणि डोळ्यांत पाणी आलं.

जेवण झाल्यावर दादा म्हणाला, "मी शब्द देत नाही. कमिटीत मला एकच मत आहे. पण प्रयत्न करतो."

"शबूद नको. तू आलास," म्हातारी म्हणाली.

सोसायटीची मीटिंग

त्याच संध्याकाळी जिन्याखाली सतरंजी टाकून मीटिंग भरली. सेक्रेटरी सामंत, गिरगावातून इथे आलेले, बँकेत नोकरीला. माणूस वाईट नाही, पण घाबरट.

"साहेब, तुम्ही टेन्शन घेऊ नका, पण प्रॅक्टिकल बोलू या. आज कोंबडं कापतील, उद्या जागेवर हक्क सांगतील. आणि पंप बसवला नाही तर पाणी वर चढत नाही, त्याचं काय?"

चौथ्या मजल्यावरच्या एक बाई उठल्या. "गुडघे गेलेत माझे बादल्या वाहून. मला दगडाशी घेणंदेणं नाही, पाणी पाहिजे." खरंच होतं त्यांचं.

मतं घेतली. दादाच्या बाजूने दादाचा एकट्याचा हात वर. मीही केला होता, पण पाहुणीचा कोण मोजतो! ठराव कायम, गुरुवारी कॉन्ट्रॅक्टर येणार.

मी तर पेटलेच. "अरे, एवढा मोठा जनरल तू, दरडाव की त्यांना!"

"कुसे, ती माणसं पाणी मागतायत. त्यात चूक काय आहे?"

आणि तो उठून कंपाउंडमध्ये फिरायला लागला. जमिनीकडे बघत, थांबत, पावलं टाकत, परत वळत. लढाईच्या आधी तो असाच फिरत असेल. नळाची मोठी लाइन जिथून आत येते तिथे तो थांबला. पंप बसेल अशी दुसरी एकच जागा होती. ती त्याच्याच घराच्या मागची, तळमजल्याच्या करारात त्याला मिळालेली पट्टी. तिथे वहिनींची बाग होती.

आता ही बाग काय आहे ते तुम्हाला सांगायला पाहिजे. दर छावणीत वहिनींनी बाग लावली आणि दर वेळी कळ्या धरायला लागल्या, की बदलीचा हुकूम आला. फुलं नेहमी मागून येणाऱ्या बाईंनी तोडली. वाशीला आल्या-आल्या त्यांनी खारट माती उपसून बाहेरून माती आणवली, गुलाब लावले. मला कौतुकाने म्हणाल्या होत्या, "वन्सं, ह्या गुलाबांची बदली होणार नाही."

दादा आत आला, पाणी प्यायला, खुर्चीत बसला. ज्याने भल्याभल्यांना हुकूम सोडले, त्याच्याकडे हे एक वाक्य बोलायची हिंमत नव्हती. मलाही समजलं होतं, पण मीही जीभ चावून बसले.

वहिनींनीच विचारलं, "पंपाला किती जागा लागेल?"

"आहे तेवढी सगळी."

त्या मागच्या दारापाशी गेल्या. थोडा वेळ गुलाबांकडे बघत उभ्या राहिल्या. मग कोपऱ्यातलं खुरपं उचललं. "वन्सं, जरा हात लावता का? डब्यांत जगतील तेवढे जगवू."

"अगं, थांब..." दादा उठला.

"तुम्ही लढाईवर निघालात तेव्हा मी थांबा म्हटलं होतं का?" वहिनी म्हणाल्या आणि खाली बसून माती उकरायला लागल्या. मी रडत होते, कबूल करते. त्या रडत नव्हत्या. थोडी रोपं डब्यांत जगली, बाकीची गेली.

सामंतांना सांगायला गेलो तेव्हा ते गोंधळलेच. "पण साहेब, पंपाचा आवाज अगदी तुमच्या खिडकीत येईल!"

"रणगाड्यांशेजारी झोपलोय, सामंत. पंपाचं काय घेऊन बसलात!"

सामंत चष्मा पुसत उठले. मग स्वतःच दारोदार फिरले आणि ठराव बदलून आले. चौथ्या मजल्यावरच्या बाईंनी तर पहिला हात वर केला म्हणे.

राखण

शनिवारी सकाळी फाटक उघडं होतं. वॉचमनने उघडलं नाही, दादाने उघडलं. बामाबाई, जोमा आणि दोन-चार नातेवाईक आले. जोमाच्या काखेत कोंबडा. सामंतांच्या समाधानासाठी त्याला इथे नुसतं ओवाळायचं आणि घरी नेऊन पुढचं करायचं असं ठरलं होतं. टोपलीत एक छोटी बाटलीही होती, तिच्याकडे सामंतांनी बघितलं नाही. बिल्डिंगीतली माणसं आधी गॅलरीत उभी होती, मग एकेक करून खाली उतरली.

दगड केवढासा, आपल्या जात्याच्या पाळीएवढा. वहिनींनी त्याच्यापुढे गूळ ठेवला, मी नेलेल्या ढेपेतला. बामाबाईने शेंदूर लावला, नारळ फोडला आणि हात जोडून त्या दगडाशी शेजाऱ्याशी बोलावं तशी बोलायला लागली.

"बाबा रं, शेत नाय ऱ्हायला, तुला ठाव हाय. माजे जोमाचा लगीन हाय, त्याला सांबाळ. मांडवाला सांबाळ." मग मागे वळून तिने वहिनींना विचारलं, "तुजा नाव काय गो?"

"सुमित्रा."

"आन ही सुमित्रा. हिनं तुजे पायी तिचा बाग दिला. ही वरची सगली मानसं नवी हायत, त्यांना तुजी वळख नाय, त्यांच्यावर रागवू नको. आन यो तिचा नवरा. लई मोठा मिलटरीवाला. सगल्या मुलखाची राखन करून दमून आलाय. आता तू त्याची कर."

बाबा गेले तेव्हा दादा रडला नव्हता. पायातली गोळी काढली तेव्हा तर हसत होता म्हणे. त्या कोपऱ्यात, सगळ्या सोसायटीसमोर, माझा जनरल भाऊ ताठ सावधानमध्ये उभा राहिला आणि त्याच्या पांढऱ्या मिशांवरून पाणी ओघळत होतं. पुसायला हातसुद्धा वर केला नाही त्याने.

जोमाचं लग्न दुसऱ्या दिवशी झालं. धवळारीण, म्हणजे यांच्यात लग्नाचे विधी गाणी गाऊन लावणारी बाई असते, ती इतकं सुरेख गायली, की आपले भटजी आठवून मला हसूच आलं. आम्ही सगळे गेलो होतो, सामंतसुद्धा. पण मला सांगायचंय ते शनिवारचंच.

राखण झाली, मंडळी पांगली, आम्ही घरात आलो. मागे बागेच्या जागी कॉन्ट्रॅक्टरची माणसं खड्डा खणत होती, त्याचा आवाज येत होता. मी म्हटलं, वहिनींना आता एकटं सोडू नये, काहीतरी बोलावं. तेवढ्यात त्याच पदर खोचून बाहेर आल्या. हातात किल्ली होती.

"वन्सं," त्या म्हणाल्या, "ट्रंकेवरची तुमची पिठाची पिशवी जरा उचला."